इंजिनाच्या डोक्याची परीक्षा

मुंबईहून आग्र्यास जाणारा राजमार्ग आमच्या नाशिक शहरांतून जातो, ही गोष्ट येथील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. या मार्गानें रात्रंदिवस मालमोटारी धांवत असतात. लासलगांव-पिंपळगांवचा कांदा, दिंडोरी-निफाडकडील द्राक्षें आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांतील माल घेऊन त्या मुंबईकडे उतरतात व परत येतांना खतें, लोखंड, कापड असा माल भरून कसारा घाट चढून येतात. या साऱ्या रहदारीचा भार ज्या इंजिनांवर आहे, त्यांचें अंतरंग मात्र आपल्यापैकीं फार थोड्यांनीं पाहिलेलें असतें. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आग्रा रस्त्यालगतच्या एका लहानशा दुरुस्तीच्या कारखान्यांत चार दिवस बसून एक जुनें डिझेल इंजिन उकलतांना व पुन्हां बांधतांना पाहण्याचा योग आम्हांस आला. त्या चार दिवसांपैकीं पुरे दोन दिवस एकाच भागाच्या तपासणींत गेले. तो भाग म्हणजे इंजिनाचें 'हेड', अर्थात् डोकें. एका भागावर एवढा वेळ कां खर्चावा लागतो, आणि त्यांतील दोष कसे हुडकून काढतात, हें वाचकांपुढें मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम डोकें म्हणजे काय तें पाहूं. इंजिनांत चार-सहा नळकांडीं, म्हणजे सिलिंडर, असतात आणि प्रत्येकांत एक दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खालींवर होत असतो. या नळकांड्यांचें वरचें तोंड ज्या जाड ओतीव झांकणानें बंद केलेलें असतें, तें डोकें होय. परंतु तें नुसतें झांकण नव्हे. हवा आंत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह त्यांतच बसविलेले असतात. त्या व्हॉल्व्हांच्या बैठकी, ज्यांस कारागीर 'सीट' म्हणतात, त्याही त्यांतच. आणि डिझेलचा फवारा सोडणारें नोझलही त्यांतच. (अशीं नोझलें आमच्या सातपुरास कित्येक वर्षें तयार होत आलीं आहेत, हें सांगावयास आम्हांस आनंद वाटतो.) या सर्वांच्या मधून, डोक्याच्या पोटांत, थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वांकड्यातिकड्या वाटा गेलेल्या असतात. नळकांड्यांत इंधन पेटतें त्या क्षणीं तेथील वायूचें उष्णमान दोन हजार अंश सेंटिग्रेडच्या घरांत जातें आणि दाब शंभर वातावरणांहूनही अधिक होतो. तेथून बोटभर अंतरावर, त्याच धातूच्या पलीकडच्या अंगास, ऐंशी-नव्वद अंशांचें पाणी वाहत असतें. भिंतीच्या एका बाजूस होळी आणि दुसऱ्या बाजूस पाण्याचा हंडा, अशी ही स्थिति आहे. आणि ती भिंत मिनिटांतून शेंकडों वेळां हा आघात सोसते.

आतां या भिंतीस चीर कां पडते? उष्णतेनें धातु वाढतो, हा नियम पदार्थविज्ञानाच्या पहिल्याच पाठांत येतो. एक मीटर लांबीचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, दांडा शंभर अंशांनीं तापविला तर तो सुमारें एक मिलिमीटरनें लांब होतो. ॲल्युमिनियमचा असल्यास त्याच्या दुपटीनें वाढतो. डोक्याचा सर्वच भाग सारखा तापला असता तर कांहीं बिघडलें नसतें. परंतु दोन सीटांच्या मधली अरुंद पट्टी अतिशय तापते आणि भोंवतालचा जाड धातु त्या मानानें थंड असतो. पट्टीस वाढावयाचें असतें, शेजारी तिला वाढूं देत नाहींत. म्हणून ती दाबली जाते. इंजिन निवालें म्हणजे याच्या उलट होऊन तीच पट्टी ताणली जाते. बीड हें दाब फार सोसतें, पण ताण त्यास सोसत नाहीं. अशी दाबणी आणि ओढणी हजारों वेळां झाली कीं केसासारखी एक रेघ उमटते. त्यांत तापल्या इंजिनावर एकाएकीं गार पाणी पडलें, तर वर्षांनीं व्हावयाचें तें पळांत होतें. जळत्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब पडून ती तडकलेली ज्यानें पाहिली असेल, त्यास हें निराळें सांगण्याची जरूरी नाहीं.

आम्हीं पाहिलेल्या इंजिनाचें असेंच झालें होतें. ती मालमोटार निफाड तालुक्यांतील एका वृद्ध शेतकऱ्याची. कारखान्यांत त्यांस सर्वजण 'आबा' म्हणत. कर्ज काढून घेतलेली ती गाडी त्यांचा मुलगा चालवितो. चैत्रांतल्या भर दुपारीं खताच्या पोत्यांनीं भरलेली गाडी घेऊन तो कसारा घाट चढत होता. या घाटाची कल्पना यावी म्हणून एवढेंच सांगतों कीं, शेजारच्या थळ घाटांतील लोहमार्गाचा चढ सदतिसांस एक असून बहुतेक आगगाड्यांस तेथें मागून जोर देणारीं जादा इंजिनें जोडावीं लागतात. मोटारीस असा सोबती नाहीं. तिचें इंजिन पूर्ण जोरानें चालत असतें, गति मात्र मंद असते, आणि त्यामुळें समोरून येणारा वाराही थोडाच मिळतो. रेडिएटरचें पाणी उकळूं लागलें, मुलगा घाबरला, त्यानें इंजिन तेथेंच बंद केलें आणि डब्यांतलें गार पाणी ओतलें. गाडी पुढें चालली, घरींही पोंचली. पण त्या दिवसापासून रोज लिटरभर पाणी कमी होऊं लागलें. खालीं थेंबही पडलेला दिसेना, तेलांतही पाणी आढळेना. फक्त सकाळीं इंजिन चालूं केलें म्हणजे बराच वेळ पांढरा धूर येई. पाणी जातें कोठें, हा प्रश्न घेऊन आबा कारखान्यांत आले होते.

डोकें उतरविण्यापासूनच सावधगिरीस आरंभ होतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावांचून मिस्त्रींनीं एकाही बोल्टास पाना लावला नाहीं. नंतर दोन्ही टोंकांकडून मध्याकडे येत, प्रत्येक बोल्ट थोडथोडा करून ढिला केला. कारण एकाच बाजूचा ताण एकदम सोडल्यास सपाट डोकें वांकण्याचें भय असतें. बांधतांना हाच क्रम उलटा, म्हणजे मध्यापासून टोंकांकडे असतो.

पुढची पायरी धुण्याची. ही पायरी क्षुद्र वाटते. पण काजळी आणि तेल चिरेंत भरून राहिलें असेल तर पुढच्या साऱ्या परीक्षा खोट्या ठरतात. येथें एक मर्म आम्हांस कळलें. काजळी काढण्याकरितां उतावळे लोक फिरत्या तारेच्या ब्रशानें किंवा वाळूच्या झोतानें धातु घांसून काढतात. त्यानें डोकें चकचकीत होतें खरें, पण चिरेचें तोंड ठोकल्यासारखें मिटून जातें आणि ती अधिकच दडते. म्हणून आधीं क्षाराच्या कढत पाण्यांत भिजवून, लाकडी पट्टीनें खरवडून, मऊ ब्रशानें धुवावें. घांसणें-तासणें तें परीक्षेनंतर.

धुऊन वाळल्यावर मिस्त्रींनीं डोकें सांखळीनें टांगलें आणि लहान हातोडीनें हळूच टोला दिला. बाजारांत माठ घेतांना आपली आई बोटाच्या पेरानें तो वाजवून पाहते, तोच हा प्रकार. आमच्या गोदाकांठीं नारोशंकराचें देवालय आहे. तें १७४७ सालीं बांधलें गेलें. त्यावरची प्रचंड घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर इकडे आली असें सांगतात. अशा घंटेस एक बारीक तडा गेला तर तिचा नाद कसा बदबद होईल, याची कल्पना करावी. कंप धातूंतून निर्वेध फिरतो तेव्हां स्वर लांबतो. वाटेंत चीर आली कीं तिच्या दोन कडा एकमेकींवर घासून तो कंप गिळून टाकतात. आमच्या डोक्याचा आवाज स्वच्छ आला. पण मिस्त्री एवढ्यावर समाधान मानणारे नव्हते. "मोठा तडा असला तर आवाज सांगतो, लहान असला तर गप्प बसतो," असें ते म्हणाले.

नंतर सपाटीची परीक्षा झाली. डोक्याच्या खालच्या अंगावर पोलादाची अचूक सरळ पट्टी उभी धरून तिच्या खालून पातळ पत्र्यांचे माप, ज्यास 'फिलर गेज' म्हणतात, सरकवून पाहतात. पट्टी लांबींत धरावी, रुंदींत धरावी आणि दोन्ही कर्णांवरही धरावी. कारण पिळलेलें डोकें लांबींत सरळ दिसून कर्णावर फसवितें. किती वांक चालेल, हें इंजिन करणाऱ्यांनीं पुस्तकांत दिलेलें असतें. ही मर्यादा बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आंतच असते, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीइतकी. यापेक्षां अधिक वांक असला तर मधलें गॅस्केट नीट दाबलें जात नाहीं व आग आणि पाणी यांची गांठ पडते. आमचें डोकें या परीक्षेंतही उतरलें.

यानंतर चिरांचा खरा शोध सुरू झाला. याची सर्वांत जुनी रीत रॉकेल आणि खडूची. आगगाडीच्या कारखान्यांत चाकांचे आंस तपासण्यासाठीं ती एकोणिसाव्या शतकापासून वापरीत. संशयाच्या जागीं रॉकेल लावून कांहीं वेळ थांबावें, मग वरचें कोरडें पुसून टाकावें व खडूची पूड पातळ लेपावी. चिरेंत शिरलेलें रॉकेल हळूहळू वर येऊन खडूवर काळसर ओली रेघ उमटवितें. हल्लींचा लाल रंगाचा द्रव व पांढरी पूड ही याच रीतीची सुधारलेली आवृत्ति होय. द्रव दहा-वीस मिनिटें मुरूं देतात, फडक्यानें पुसतात आणि वर पांढरी पूड फवारतात; चीर रक्ताच्या रेघेसारखी दिसते. पुसण्याचा द्रव थेट डोक्यावर ओतावयाचा नाहीं, फडकें त्यांत भिजवून पुसावयाचें. नाहीं तर चिरेंतला रंगही धुऊन जातो. १९४० नंतर लवकरच अमेरिकेंतील रॉबर्ट व जोसेफ स्विट्झर या बंधूंनीं याच कामासाठीं अंधारांत नीललोहितातीत किरणांखालीं चमकणारा द्रव प्रचारांत आणला.

लोखंडासाठीं आणखी एक रीत आहे, ती लोहचुंबकाची. तिचा पाया १९२० नंतरच्या दशकांत विल्यम होक या अमेरिकन गृहस्थांनीं घातला. डोक्यावर विद्युच्चुंबक ठेवून लोखंडाची बारीक पूड शिंपडली कीं चुंबकाच्या रेषा धातूंतून सरळ जातात. चीर आडवी आली कीं त्या तेथें बाहेर सांडतात आणि पूड त्या जागीं गोळा होते. पण चीर रेषांच्या दिशेनेंच असेल तर ती सांपडत नाहीं; म्हणून चुंबक काटकोनांत फिरवून तीच जागा दोनदां पाहावी लागते. ॲल्युमिनियमच्या डोक्यास ही रीत लागूच पडत नाहीं, कारण चुंबक त्यास ओढीत नाहीं. रंग आणि चुंबक या दोन्ही रीतींचें महत्त्व मोटारींपुरतेंच आहे असें मात्र नव्हे. १९६४ सालीं आमच्या जिल्ह्यांत ओझर येथें विमानांचा कारखाना स्थापन झाला. अशा ठिकाणीं तर ज्या भागावर वैमानिकाचा प्राण अवलंबून, त्याची तपासणी याच तत्त्वांनीं आणि याहूनही सूक्ष्म साधनांनीं केली जाते.

रंगाच्या परीक्षेंत दुसऱ्या नळकांड्याच्या दोन सीटांमध्यें एक बारीक लाल रेघ उमटली. आम्हांस वाटलें, चोर सांपडला. आबांचा चेहरा उतरला. पण मिस्त्रींनीं ती जागा पुन्हां धुतली, पुन्हां रंग लावला, तरी रेघ तेवढीच राहिली. मग त्यांनीं पुस्तक उघडून दाखविलें. त्या इंजिनांत अशी आंखूड वरवरची रेघ, पाण्याच्या वाटेपर्यंत गेली नसल्यास, चालूं शकते असें त्यांत लिहिलें होतें. दिसलेला प्रत्येक डाग दोष नव्हे, हें तेव्हां कळलें. पण मग पाणी जात होतें कोठें?

शेवटची परीक्षा दाबाची. डोक्यांतील पाण्याचीं सर्व तोंडें रबर व पोलादी पट्ट्यांनीं घट्ट बंद करून, एका तोंडांतून दोन-तीन वातावरणांच्या दाबाची हवा सोडतात आणि सारें डोकें पाण्याच्या हौदांत बुडवितात. सायकलीच्या ट्यूबचें पंक्चर काढणाऱ्यास ही रीत नवी नाहीं. हौदांतील पाणी गार होतें. अर्धा तास गेला, एकही बुडबुडा आला नाहीं. आबांस हायसें वाटलें. "मिस्त्री, आतां बांधून टाका. कांदा शेतांत पडलाय, हप्ता डोक्यावर आहे," ते म्हणाले. मिस्त्रींनीं हौदाखालीं शेगडी पेटविली. पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापवावयाचें होतें, आणि त्याला सारी दुपार लागणार होती.

आबा किंचित् रागावून म्हणाले, "गार पाण्यांत कांहीं निघालं नाहीं, मग गरमाचा हट्ट कशाला?"

"आबा, गाडी घाट चढते तेव्हां इंजिन गार असतं का?" मिस्त्रींनीं विचारलें.

यावर उत्तर नव्हतें. दिवेलागणीच्या सुमारास पाणी पुरेसें तापलें आणि तिसऱ्या नळकांड्याच्या धूर सोडणाऱ्या वाटेंतून एक बुडबुडा वर आला. मग दुसरा, मग मण्यांची माळ ओंवावी तसे एकामागून एक. त्या वाटेच्या आंतल्या वळणावर, जेथें डोळा पोंचत नाहीं आणि रंगही लावतां येत नाहीं, तेथें चीर होती. थंडपणीं तिचे ओठ मिटलेले असत. तापल्यावर धातु वाढून ते उघडत, पाणी धुराच्या वाटेंत शिरे आणि वाफ होऊन निघून जाई. पांढऱ्या धुराचा आणि नाहींशा होणाऱ्या पाण्याचा उलगडा झाला. जी रेघ दिसली ती निरुपद्रवी होती, आणि जी दिसली नाहीं तीच घातक होती.

आबांनीं विचारलें, "वेल्डिंग करून चालणार नाहीं का?" बीड जोडतां येत नाहीं असें नव्हे. सारें डोकें सावकाश तापवून, योग्य सळईनें जोडून, राखेंत पुरून फार हळूहळू निववावें लागतें. किंवा चिरेच्या वाटेवर भोंकें पाडून त्यांत पेंचाचे खिळे एकास एक भिडवून ती शिवतात. बाहेरच्या भिंतीवर या रीति उपयोगी पडतात. पण येथें चीर आंतल्या वळणावर, सर्वांत तापणाऱ्या जागीं होती. हत्यार तेथवर नीट पोंचत नव्हतें. नव्या डोक्याची किंमत ऐकून आबा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "हा हंगाम निघेपर्यंत असंच लावून द्या. रोज पाणी भरीत जाऊं."

मिस्त्रींनीं काम थांबविलें आणि शांतपणें विचारलें, "गाडीवर तुमचा मुलगाच बसतो ना?" आबांनीं मान हलविली. मिस्त्री पुढें म्हणाले, "कसारा उतरतांना दहा टन कांदा मागून ढकलतो. तेव्हां गाडीला नुसता ब्रेक धरीत नाहीं, गिअरमध्यें इंजिनही धरतं. ब्रेकची हवासुद्धां इंजिनच भरतं. तें इंजिन मध्येंच अडकलं तर वळणावर काय होईल, तें तुम्हीच सांगा."

आबांनीं पुन्हां तो विषय काढला नाहीं. अखेर मध्यम मार्ग निघाला. जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून त्याच जातीचीं वापरलेलीं दोन डोकीं परतीच्या बोलीवर आणलीं आणि दोहोंचीही हीच सर्व परीक्षा झाली. पहिल्यांतून गरम पाण्यांत बुडबुडे आले; तें परत गेलें. दुसरें सर्व परीक्षांत उतरलें. त्याच्या सीटा घासून नीट केल्यावर त्याचा दाब पुन्हां एकदां पाहिला, कारण तासण्यानें दडलेली चीर उघडी पडूं शकते. आणि मग तेंच बसविलें.

दोष सांपडला म्हणून काम संपत नाहीं. दोषाचें कारणही शोधावें लागतें, नाहीं तर नवें डोकेंही त्याच वाटेनें जातें. रेडिएटर उघडला तेव्हां त्याच्या निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षारानें बुजलेल्या आढळल्या. गाडींत वर्षानुवर्षें कूपनलिकेचें जड पाणी भरलें जात होतें. पंख्याचा पट्टाही सैल होता. दोन्ही दुरुस्त झालीं. मुलास ताकीद मिळाली ती अशी: शुद्ध पाणी व त्यांत योग्य तें औषध भरावें, घाटांत कांटा वर चढूं लागतांच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद न करितां मंद चालूं ठेवावें, म्हणजे पाणी फिरत राहतें, रेडिएटरचें झांकण तापलेलें असतां उघडूं नये, कारण उकळतें पाणी उसळून तोंड भाजतें, आणि गार पाणी घालावयाचें तें इंजिन निवाल्यावरच.

विद्यार्थिमित्रांनीं रॉकेल आणि खडूची परीक्षा घरच्या तडकलेल्या बिडाच्या तव्यावर, चुलीपासून व दिव्यापासून दूर आणि वडील मंडळींच्या देखत, करून पाहावी. डोळ्यास न दिसणारी रेघ खडूवर कशी उमटते, हें एकदां पाहिलें म्हणजे विसरत नाहीं.

चौथ्या दिवशीं संध्याकाळीं इंजिन चालूं झालें. घटकाभर चालल्यावरही पाण्याची पातळी हालली नाहीं, धूरही स्वच्छ होता. आबा गाडींत बसावयास निघाले, तोंच मिस्त्रींनीं कोपऱ्यांत पडलेलें जुनें डोकें ओढून घेतलें आणि छिन्नी-हातोड्यानें त्याच्या सपाट अंगावर दोन खोल आडव्या-तिडव्या चिरा पाडल्या. आम्हीं कारण विचारलें. "भंगारांत हें वजनावरच जाणार," ते म्हणाले, "पण बाहेरून चांगलं दिसतं. कोणी धुऊन पुसून दुसऱ्या एखाद्या आबाला विकूं नये, म्हणून."